काटा थांबू नये म्हणून : कारखान्यासाठी सर्व्हर निवडताना



गेल्या हंगामातली गोष्ट. मध्यरात्र उलटून गेली होती. थंडी मी म्हणत होती आणि आपल्या गाडी अड्ड्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्याला जाऊन भिडली होती. मिलला ऊस हवा होता, ऊस दारात उभा होता, पण वजन होत नव्हते. काटा ठणठणीत होता. काट्यावरचे आकडे ज्या यंत्रात जाऊन बसतात, ते ऑफिसातले यंत्र तेवढे बंद पडले होते. शेवटी हातपावत्या फाडून गाड्या आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्या पावत्या नोंदवताना दोन ठिकाणी नाव एकाचे आणि वजन दुसऱ्याचे अशी गल्लत झाली. चिटबॉयच्या वहीशी ताळा करून ती वेळीच दुरुस्त केली, म्हणून बरे.

त्यानंतर गट ऑफिसच्या ओट्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांला गाठले. म्हणाले, "अवो, काटा आपला, ऊस आपला. मग आमचं वजन त्या डब्यात अडकलंच कसं? आणि आता म्हणं नवा डबा घ्यायचा, त्याला लाखांनी पैसं. कशापायी?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा तो कशावर आणि का खर्च होतो हे सभासदाला कळलेच पाहिजे. नवा सर्व्हर घेण्याचा विषय आता चर्चेला आला आहे. त्या निमित्ताने ही सगळी भानगड काय आहे, आणि स्वस्त पण भरवशाचा सर्व्हर कसा निवडावा, हे आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे सेवा देणारा संगणक. टेबलावरचा साधा संगणक एका माणसाचे काम करतो. सर्व्हर एकाच वेळी अनेकांचे करतो. शेतकी ऑफिसातला कारकून लागणीची आणि खोडव्याची नोंद बघतो, गट ऑफिसातून तोडीची चिठ्ठी निघते, काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन होते, हिशेब खात्यात सोसायटीची कपात वजा होऊन ऊसबिल तयार होते. ही सगळी मंडळी एकाच वहीत लिहीत असतात. ती वही सर्व्हरमध्ये असते. वही एकच असल्याने ताळा लागतो, पण त्याच कारणाने ती वही मिटली की सगळ्यांचेच हात थांबतात.

यात सभासदाचे काय अडते? एक तर तोडलेला ऊस वाळतो. त्याचे वजन घटते, साखर उतरते. घट वजनाची असेल तर ती थेट आपल्या बिलातून जाते. दुसरे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर दरसाल १५ टक्के व्याज देण्याची तरतूद त्यात आहे. हिशेबाची वहीच उघडत नसेल तर बिले वेळेवर निघणार कशी? तेव्हा या डब्याचा संबंध थेट सभासदाच्या खिशाशी आहे.

आधी काम मोजा, मग यंत्र बघा

विहिरीला पाणी किती आणि रान किती, हे बघूनच आपण मोटार घेतो. ५ अश्वशक्तीच्या कामाला १५ ची मोटार बसवली तर पाणी वाढत नाही, वीजबिल वाढते. सर्व्हरचेही तसेच आहे. विकणारा नेहमी मोठेच दाखवणार. म्हणून आपले काम आपण मोजावे.

समजा, कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो. बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक असे सगळे धरून एका खेपेला सरासरी १० टन पकडले, तर दिवसाला ५०० खेपा होतात. भरलेली आणि रिकामी अशी दोन वजने धरली तर १,००० नोंदी. म्हणजे तासाला ४० ते ४५. आजच्या काळातला साधासुधा सर्व्हरसुद्धा एवढ्या नोंदी हसतहसत करतो. एका खेपेच्या सगळ्या माहितीला एक किलोबाइट जागा धरली, तर १५० दिवसांच्या हंगामात साठा होतो सुमारे ७५ मेगाबाइट. आपल्या नातवाने मोबाईलवर काढलेल्या लग्नातल्या व्हिडिओला याहून जास्त जागा लागते. नोंद, बिले, पगार, भांडार, जुन्या हंगामांची दप्तरे हे सगळे मिळवले तरी काम आवाक्यातलेच राहते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपल्याला फार ताकदीचे यंत्र नको, न थांबणारे यंत्र हवे आहे. शर्यतीच्या खोंडावर पैसा घालण्याऐवजी रोज नांगराला चालणारा बैल बघायचा आहे.

न थांबणे म्हणजे नेमके किती?

विकणारे सांगतात, "साहेब, आमचे यंत्र ९९ टक्के वेळ चालू राहते." ऐकायला बरे वाटते. पण हिशेब करा. १५० दिवसांचा हंगाम म्हणजे ३,६०० तास. त्यातला एक टक्का म्हणजे ३६ तास, पुरा दीड दिवस. तासाला २०८ टनांच्या हिशेबाने साडेसात हजार टन ऊस तेवढ्या वेळात काट्यासमोर येतो. हेच यंत्र ९९.९ टक्के चालले तर खोळंबा साडेतीन-पावणेचार तासांवर येतो. शेकड्यातला हा पाऊण-एक टक्का कागदावर दिसत नाही, पण अड्ड्यावर थंडीत कुडकुडणाऱ्या गाडीवानाला तो चांगलाच कळतो.

मग हा भरवसा येतो कुठून? त्यासाठी पुढील गोष्टी बघाव्यात.

पहिली, दोन डिस्का. माहिती ज्या तबकडीवर किंवा चिपवर साठते ती डिस्क कधी ना कधी बिघडतेच. म्हणून एकीवर लिहिले की तेच दुसरीवर आपोआप लिहिले जाईल अशी जोडी घ्यावी. एक बैल बसला तरी दुसऱ्याने गाडी घरापर्यंत ओढावी, असा प्रकार. गेल्या हंगामात आपली एकच डिस्क होती, आणि तीच गेली. जोडी असती तर काटा थांबला नसता. शिवाय एक कोरी डिस्क कपाटात ठेवावी. हंगामात पुण्या-मुंबईहून सुटा भाग येण्याची वाट बघत बसणे परवडत नाही.

दुसरी, विजेचे दोन पुरवठे. चांगल्या सर्व्हरला वीज घेणारे दोन भाग असतात. एक जळाला तरी दुसरा चालतो, आणि जळालेला भाग यंत्र बंद न करता बदलता येतो. सोबत बॅटरीवर चालणारा यूपीएस हवाच. जनरेटर सुरू होईपर्यंतची पाच-दहा मिनिटे त्याने सांभाळायची. अर्थिंग नीट नसेल तर वळवाच्या पहिल्या कडकडाटात लाखाचे यंत्र जाते. मोटारीच्या स्टार्टरचे काय होते, ते आपण सगळ्यांनी अनुभवलेच आहे.

तिसरी, चूक पकडणारी मेमरी. सर्व्हरच्या मेमरीत अशी सोय असते की आकडा कधी चुकून पालटला तर ती ओळखून दुरुस्त करते. साध्या संगणकात बहुधा ही सोय नसते. जिथे १४ टनांचे १५ होणे किंवा १३ होणे दोन्ही वाईट, तिथे ही सोय हवी.

चौथी, दुरुस्तीचा करार. 'तीन वर्षे वॉरंटी' एवढ्यावर भुलू नये. माणूस जागेवर येणार की यंत्र घेऊन आपणच शहरात जायचे? तक्रार केल्यापासून चार तासांत येणार की दुसऱ्या कामाच्या दिवशी? रविवारी येणार का? गाळप रविवारी थांबत नाही. हे सगळे लेखी घ्यावे. तोंडी बोलण्यावर आपण मोळी विकत नाही, मग सर्व्हर तरी का घ्यावा?

पाचवी, जागा. कारखान्याच्या आवारात बगॅसचा भुसा उडतो, तो पंख्यात जाऊन बसतो आणि यंत्र तापते. खोली बंदिस्त, थंड आणि बगॅसच्या ढिगापासून लांब असावी. आणि ती तळमजल्यावर नसावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांच्या वर पातळी गाठली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत झाली, शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला. नदीकाठच्या माणसाने पूर विसरून घर बांधू नये, आणि दप्तरही ठेवू नये.

जोडी म्हणजे नक्कल नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन डिस्का आहेत म्हणजे माहिती सुरक्षित, असे अनेकांना वाटते. तसे नाही. कोणी चुकून एखादी नोंद पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. आग लागली, पाणी शिरले, तर दोन्ही जातात. म्हणून नक्कल वेगळीच हवी. जाणकारांचा एक साधा नियम आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. बेण्याचा ऊस आपण एकाच रानात ठेवत नाही, त्यातलाच हा शहाणपणा.

आणि नक्कल मधूनमधून उतरवून पाहावी लागते. उगवण न तपासता बेणे लावणारा शेतकरी आणि नक्कल न उघडता निर्धास्त राहणारे ऑफिस, दोघांनाही कळते तेव्हा हंगाम गेलेला असतो.

चोरांचे भयही आता खरे झाले आहे. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांना कुलपे घातली आणि कुलूप उघडायला खंडणी मागितली. त्या कुलपाची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती, ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती ते सापडले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून भामट्यांनी ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबवली. तेव्हा 'आमच्या खेडेगावातल्या यंत्राकडे कोण बघतंय?' असे म्हणून चालत नाही. सर्व्हर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणे, प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड देणे आणि एक नक्कल तारेपासून तोडून कपाटात ठेवणे, एवढे तरी झालेच पाहिजे.

वारणेचा धडा

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून वारणानगरच्या आसपासची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडायचे ठरवले. गावात संगणक केंद्र आले. ऊसनोंद, तोडीचा परवाना, वजनाची माहिती गावातच मिळू लागली. कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला. त्या काळात खेड्यात संगणक दिसणे हीच नवलाई होती.

पुढे मात्र खर्च कळू लागला. गावोगावच्या यंत्रांना वीज हवी, दुरुस्ती हवी, जोडणी हवी. २००७ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी तिथेच दुसरा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने गावच्या संगणकाचे काम त्यांनी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, कारखान्याच्या ठिकाणी फोनला जोडलेला एक संगणक तो वाचून उत्तर देणार, एवढीच मांडणी. गावच्या संगणकावर होणारी सगळी कामे त्यात झाली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही ते अधिक पसंत पडले.

आम्ही यातून दोन धडे घेतो. एक, महाग ते चांगले असे नाही. ज्याची गरज आहे तेवढेच, आणि लोकांच्या हातात आधीच जे आहे त्यावर चालेल असे घ्यावे. दुसरा, गावाकडचे यंत्र जितके हलके होते, तितका मधल्या यंत्रावरचा भार वाढतो. सातही गावे शेवटी त्या एका संगणकाकडेच विचारत होती. तेव्हा पैसा घालायचाच तर तो मधल्या खांबावर घालावा.

स्वतःची विहीर की पाण्याची सोसायटी?

हल्ली 'क्लाउड'चा बोलबाला आहे. म्हणजे सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याच्या मोठ्या केंद्रातली जागा भाड्याने घ्यायची. अशी केंद्रे मुंबई-पुण्यातही आहेत. स्वतःची विहीर पाडायची की उपसा सोसायटीचे पाणी घ्यायचे, असाच हा प्रश्न आहे.

भाड्याचे फायदे आहेत. एकदम मोठी रक्कम घालावी लागत नाही. हंगामात जास्त घ्यावे, हंगाम संपला की कमी करावे. वीज, थंडावा, दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी. तोटे असे की भाडे कधी संपत नाही, आणि मधली तार तुटली की पाणी बंद. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडणे आपल्याकडे नवीन नाही. पुरात तर काय विचारता!

म्हणून आमचे मत असे : काट्याचे काम जागेवरच्या सर्व्हरवर असावे आणि नक्कल भाड्याच्या जागेत, दुसऱ्या गावी असावी. सभासदांना जाणारे वजनाचे संदेशही तिथून जावेत. त्यातही काट्यावरच्या संगणकात अशी सोय मागावी की ऑफिसशी जोडणी तुटली तरी त्याने वजने स्वतःपाशी साठवावीत आणि जोडणी आल्यावर पुढे पाठवावीत. एवढी एक सोय असती, तर गेल्या हंगामातली ती रात्र टळली असती.

खर्चाचा खरा हिशेब

आता पैशाकडे येऊ. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, भाव कोटेशनवरूनच ठरतील. समजा, साधा संगणक सर्व्हर म्हणून वापरला तर ७० हजार. जोडडिस्क, दोन वीजपुरवठे आणि पाच वर्षांचा जागेवरच्या दुरुस्तीचा करार असलेला लहान सर्व्हर ३ लाख. फरक २ लाख ३० हजारांचा, पाच वर्षांत वाटला तर वर्षाला ४६ हजार. हंगामात साडेसात लाख टन गाळप धरले तर टनाला सहा पैसे. ५० टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला वर्षाला सुमारे तीन रुपये येतात. चहासुद्धा येत नाही तेवढ्यात.

पण खरेदीची किंमत हा हिशेबाचा निम्माच भाग झाला. ३०० वॅटचे यंत्र दिवसरात्र चालले तर वर्षाला सुमारे २,६३० युनिट वीज खाते. थंडावा आणि यूपीएस धरून दीडपट करा. हंगामात आपल्या बगॅसवरची वीज असेल, बाकीच्या महिन्यांत ती विकत घ्यावीच लागते. सॉफ्टवेअरचे परवाने वेगळे, आणि काही परवाने तर वापरणाऱ्या माणसागणिक घ्यावे लागतात. लिनक्स आणि पोस्टग्रेस यांसारख्या मुक्त प्रणालींना परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण त्या सांभाळणारा जाणता माणूस लागतो. यंत्राबरोबर माणूस तयार केला नाही, तर ट्रॅक्टर घेऊन ड्रायव्हर न ठेवण्यातली गत होते. सभासदांचीच शिकलेली मुले-मुली या कामाला का तयार करू नयेत?

वापरलेले जुने सर्व्हरही बाजारात स्वस्त मिळतात. मुख्य कामाला ते घेऊ नयेत, पण जोडीला राखीव म्हणून ठेवायला हरकत नाही. आपले सध्याचे यंत्र नवी डिस्क टाकून त्याच कामी लावता येईल.

भरवसा आकड्यांवरचा

शेवटची आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट. सहकार काट्यावर उभा आहे. वजनावरचा विश्वास उडाला तर बाकी काही उरत नाही. म्हणून सर्व्हर आणि त्यावरची प्रणाली घेताना हे बघावे, की वजन काट्यावरून थेट आत जाते, मध्ये कोणी हाताने आकडा टाकत नाही. एखादा आकडा बदललाच, तर कोणी, किती वाजता, काय होते आणि काय केले, याची नोंद आपोआप राहते आणि ती कोणालाही, अगदी आम्हांलाही, पुसता येत नाही. अशी नोंद ही सभासदाची ढाल आहे, आणि काट्यावरच्या प्रामाणिक कारकुनाचीही.

तेव्हा सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा नुसते "मंजूर, मंजूर" म्हणू नका. पाच प्रश्न जरूर विचारा. डिस्क बिघडली तर काटा किती वेळ थांबेल? रविवारी रात्री दुरुस्तीला कोण येईल? नक्कल कोणत्या गावी आहे, आणि ती उघडून शेवटची कधी पाहिली? पाच वर्षांचा एकूण खर्च किती? वजनाचा आकडा बदलला तर त्याची खूण राहते का? या पाचांची सरळ उत्तरे मिळाली, तर यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याला फारसे महत्त्व नाही.

ज्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला ओट्यावर गाठले होते, त्यांना हे सगळे आम्ही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे डबा मोठा नको, इमानी पायजे. आसं सांगा की मग!"

एवढेच सांगायला आम्हांला एवढी पाने लागली.

जय सहकार!